शोध नांदेडच्या बांधीतला, नाव विद्यापीठाच्या कागदावर

कोरपना, राजुरा, जिवती हा आपला भाग कापसाचा, तुरीचा आणि सिमेंटचा. धान पिकतो तो जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी या पट्ट्यात. तरीपण आपल्या बाजारात कोणत्याही किराणा दुकानात जरा उभे राहून पाहा. रोजच्यासाठी रेशनचा जाड तांदूळ असतो. पण घरी पाहुणे यायचे असले, मुलीला पाहायला लोक यायचे असले, विहारात भोजनदान असले, की मागितला जातो तो एचएमटी. बारीक दाणा, मोकळा भात, तोंडाला चव. एचएमटी म्हणजे कुठल्या तरी मोठ्या कंपनीचे बियाणे असेल असे पुष्कळांना वाटते. नावच तसे आहे. प्रत्यक्षात हा वाण शोधून काढला तो आपल्याच जिल्ह्यातल्या, तिसरीपर्यंत शिकलेल्या, दीड एकर जमिनीच्या एका दलित शेतकऱ्याने. त्यांचे नाव दादाजी रामाजी खोब्रागडे, मुक्काम नांदेड, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर. मराठवाड्यातले नांदेड ते हे नव्हे.

१९८३ सालची गोष्ट. दादाजींच्या बांधीत ‘पटेल ३’ या वाणाचा धान उभा होता. त्यात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा पिवळसर, ठेवण निराळी. असे एखादे वेगळे रोप कोणाच्याही शेतात निघते. आपण काय करतो? भेसळ म्हणून उपटून टाकतो, नाहीतर बाकीच्या धानाबरोबर कापून चुरण्यात घालतो. दादाजींनी त्या लोंब्या बाजूला काढल्या, दाणे जपून ठेवले आणि पुढच्या हंगामात वेगळे लावले. शेत जंगलाला लागून, रानडुकरांचा धुमाकूळ. म्हणून तेवढ्याशा तुकड्याभोवती काट्याकुट्यांचे कुंपण घातले. पिकले त्यातले निवडले, निवडलेले पुन्हा लावले. असे एक-दोन नव्हे, सलग पाच हंगाम.

यातले शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. धानाचे फूल बहुतकरून आपल्याच परागाने फळते, बाहेरचा पराग त्याला क्वचितच लागतो. त्यामुळे एकदा गुण पक्के झाले की बी दरवर्षी तसेच निघते. मात्र सुरुवातीच्या एक-दोन पिढ्यांत गुण फुटतात. काही रोपे उंच, काही बुटकी, काहींचा दाणा जाड. त्यातून हवे ते ठेवायचे आणि नको ते न चुकता काढून टाकायचे. कृषी विद्यापीठात पदवीधर लोक हेच काम करतात, त्याला निवड पद्धत म्हणतात. दादाजींनी ते पुस्तक वाचून केले नाही. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे दीड एकर, आणि सूक्ष्मदर्शक म्हणजे त्यांचे डोळे.

१९८८ पर्यंत बी पुरेसे झाले. भात शिजवून पाहिला तो पटेल ३ पेक्षा सरस निघाला. १९९० साली गावातल्याच एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून दीडशे किलो बी नेले, चार एकरांत लावले आणि पन्नास पोती धान घेतला. तो माल तळोधीच्या बाजारात गेला. व्यापाऱ्याने विचारले, या धानाचे नाव काय? नाव तर कोणी ठेवलेच नव्हते. त्या काळात एचएमटीच्या मनगटी घड्याळाचा रुबाब होता, लग्नात जावयाला एचएमटी दिली की सासऱ्याची मान ताठ. व्यापाऱ्याने तेच नाव धानाला चिकटवले. ज्याने पाच वर्षे राखण केली त्याचे नाव नाही, गावाचे नाव नाही, घड्याळाचे नाव! पुढे २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तांदळाच्या पिशवीवर मात्र ते नाव अजून आहे.

आता खरी गोष्ट इथून पुढची. दादाजींच्या सांगण्याप्रमाणे १९९४ साली सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्राने त्यांच्याकडून प्रयोगासाठी म्हणून पाच किलो बी नेले. हे केंद्र डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे. १९९८ साली विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला. पीकेव्ही म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठ. दादाजींचे नाव त्यात कुठे नाही. विद्यापीठाची बाजू अशी की मूळ वाणात भेसळ होती, ती काढून आम्ही तो शुद्ध केला, सबब हा वाण आमचा.

शुद्धीकरण हे काम खोटे नाही, ते कमी लेखण्याचे कारण नाही. शेतकऱ्याशेतकऱ्यांतून फिरलेल्या बियाण्यात भेसळ येतेच, आणि एकसारखे बी तयार करायला शिस्त लागते. पण आम्हा कारकुनांना एक साधा नियम ठाऊक आहे. कोणी हाताने लिहिलेला अर्ज घेऊन आला आणि आम्ही तो स्वच्छ टाइप करून दिला, तर आम्ही अर्जदार होत नाही. टाइप करणाराची आद्याक्षरे खाली कोपऱ्यात येतात, अर्जदाराचे नाव वर राहते. इथे कोपऱ्यातला माणूस वर गेला आणि अर्जदार कागदावरूनच गेला. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. वाणाचा धनी ठरला असता तर बियाण्याच्या विक्रीतला काही वाटा मागण्याचा पाया तरी दादाजींना मिळाला असता.

कोणी म्हणेल, दादाजींनी पेटंट का घेतले नाही? बांधवांनो, घेता आलेच नसते. पेटंट म्हणजे सरकारने शोधकाला ठरावीक मुदतीसाठी दिलेला हक्क. आपल्याकडे आता ही मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची आहे. तेवढ्या काळात त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याने तो शोध बनवायचा, विकायचा नाही. बदल्यात शोधकाने आपली सगळी कृती कागदावर उघड लिहून द्यायची. मुदत संपली की ती सर्वांची. पण भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात शेतीच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, आणि २००२ च्या दुरुस्तीने वनस्पती, प्राणी, बियाणे, वाण यांना नाही असे स्पष्ट लिहिले गेले. हे एका अर्थी बरेच झाले, नाहीतर गावागावातल्या बियाण्यावर कोणीही कुंपण घातले असते. पण दादाजींच्या वेळी पेटंटही नाही आणि त्याऐवजी दुसरी सोयही नाही, अशी स्थिती होती. वाणांसाठीचा वेगळा कायदा आला तो २००१ साली, आणि नोंदणी सुरू झाली २००७ साली. म्हणजे तीन लोंब्या सापडल्यानंतर चोवीस वर्षांनी.

एकाच शोधाचे दोन धनी निघतात तेव्हा काय होते, हे पाहायचे तर आपला तांदूळ जिथे कांडला जातो त्या राईस मिलमध्ये चला. तिथला पट्टा फिरवते ती विजेची मोटार. विहिरीवरचा पंप, पिठाची गिरणी, जिनिंग, सगळीकडे बहुधा हाच प्रकार. तिच्यात तारेची तीन गुंडाळी असतात आणि तीन फेजचा प्रवाह त्यांच्यात एकामागून एक चढतो, उतरतो. त्यामुळे आतले चुंबकत्व गोल फिरू लागते, आणि मधला लोखंडी गाभा त्याच्यामागे ओढला जातो. फिरत्या भागाला बाहेरून तार जोडावी लागत नाही, म्हणून ती मोटार वर्षानुवर्षे धुळीत, भुशात चालते. इटलीतल्या गॅलिलिओ फेरारिस या प्राध्यापकाने असे यंत्र १८८५ साली करून पाहिले होते. पण त्यांनी ते प्रसिद्ध केले मार्च १८८८ मध्ये, आणि पेटंट घेतलेच नाही. अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी ऑक्टोबर १८८७ मध्येच अर्ज दाखल केला होता. १ मे १८८८ रोजी त्यांना पेटंटे मिळाली आणि वेस्टिंगहाऊस कंपनीने ती विकत घेतली. यंत्र आधी कोणाच्या टेबलावर फिरले ते राहिले बाजूला, आवक क्रमांक आधी कोणाचा पडला ते कामी आले. आणि गंमत म्हणा की दुःख म्हणा, पेटंट मिळूनही टेस्ला १९४३ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत कर्जबाजारी अवस्थेतच वारले. कागद असला म्हणजे पैसा टिकतोच असे नाही. पण टेस्लाचे नाव तरी कोणी पुसू शकले नाही.

त्याच मिलमध्ये धान शिजवून, वाळवून मग कांडला की होतो तो उष्णा तांदूळ. आपल्या देशात ही कृती फार जुनी. बायकांनी घराघरात हंड्यांत केलेली. तिचा फायदा असा की कोंड्यातले जीवनसत्त्व वाफेबरोबर दाण्याच्या आत जाते, आणि दाणा कांडताना कमी तुटतो. विसाव्या शतकात एरिक हुझेनलॉब आणि फ्रान्सिस हेरॉन रॉजर्स या युरोपीय रसायनशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट निर्वात टाकीत, दाबाच्या वाफेवर करण्याची पद्धत बसवली आणि तिची पेटंटे घेतली. टाकी त्यांची, हे कबूल. त्या पद्धतीच्या तांदळावर अमेरिकेत ‘अंकल बेन्स’ ही छाप चालली, दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन सैन्याला पुरवला गेला. पाकिटावर चित्र होते एका कृष्णवर्णीय माणसाचे, शिकागोच्या एका हॉटेलातले मुख्य वाढपी फ्रँक ब्राऊन यांचे. पेटंट गोऱ्यांचे, कंपनी गोऱ्यांची आणि पाकिटावर हसायला काळा माणूस! त्यावर टीका होत होत अखेर २०२१ साली ते चित्र आणि ‘अंकल’ हा शब्द काढण्यात आला. मिलमध्ये धान शिजवणाऱ्या आपल्या माय-माऊल्यांना ही हकीकत जरूर वाचून दाखवा.

परंपरेच्या ज्ञानावर कोणी पेटंट घेतले तर ते रद्द करता येते का? येते, पण त्यालाही कागद लागतो. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या दोन संशोधकांना जखमेवर हळद लावण्याबद्दल पेटंट मिळाले. जखमेवर हळद! आपल्याकडे पोर पडले की आई दुसरे काय करते? पण ‘आमची आजी करत होती’ हा पुरावा तिथे धरत नाहीत. केंद्र सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख होते, बत्तीस लेखी दाखले शोधून काढले. त्यात १९५३ सालच्या भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला एक लेखही होता. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आईने लावलेली हळद तिथे उभी राहिली नाही, छापील लेख उभा राहिला.

आता आपल्या कापसाकडे येऊ, कारण या लढाईचा पैसा आपण कोरपना-राजुऱ्याच्या लोकांनी प्रत्यक्ष खिशातून मोजला आहे. २००२ च्या मार्चमध्ये जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तिच्यात मातीतल्या एका जिवाणूचे जनुक घातलेले, ते अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीचे. त्यामुळे बोंडअळीला मारणारे द्रव्य झाडातच तयार होते. सुरुवातीच्या वर्षांत साडेचारशे ग्रॅमचे पाकीट सोळाशे रुपयांच्या घरात होते आणि त्यातला मोठा भाग जनुकाचे शुल्क म्हणून जात होता. आणि ऐका, पहिल्या पिढीच्या बीटीला भारतात पेटंट नव्हतेच! दुसऱ्या पिढीच्या बीटीला होते. त्याचा अर्ज १९९९ चा, मुदत संपली २०१९ च्या नोव्हेंबरात. आंध्र प्रदेश सरकारने २००६ साली दाद मागितली तेव्हा कुठे दर निम्म्यावर आले. पुढे २०१६ पासून केंद्र सरकारने किंमत बांधून दिली, शुल्क पाकिटामागे एकोणपन्नास रुपयांवर आणले, आणि २०२० साली ते शून्य झाले.

कोर्टातही हे प्रकरण गाजले. जनुक हे शेवटी झाडाचाच भाग, म्हणून पेटंट टिकत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तो निर्णय बाजूला ठेवून पुरावे तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवले. २०२१ साली दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवून घेतले. त्यामुळे मूळ प्रश्नाचा निकाल लागलाच नाही. दरम्यान गुलाबी बोंडअळी त्या बीटीला पचवून बसली. २०१७ च्या हंगामात विदर्भात तिने बोंडे कशी पोखरली ते आपण पाहिले आहे. पेटंटाची मुदत वीस वर्षांची, अळीने मात्र आपली मुदत आपणच ठरवली.

इथे धान आणि कापूस यांतला फरक लक्षात घ्या. दादाजींचा धान एकदा घेतला की शेतकरी घरचेच बी ठेवतो, शेजाऱ्याला पायलीभर देतो. म्हणूनच एचएमटी कुठलीही जाहिरात नसताना जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर गेला. बीटी कपाशी आपल्याकडे बहुतेक संकरित. तिची सरकी पुन्हा पेरली तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून दरवर्षी पाकीट घ्यावेच लागते. कंपनीला पेटंटाने जे दिले त्याहून अधिक या संकराने दिले, असे माझे मत आहे.

दादाजी थांबले नाहीत. नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, विजय नांदेड, डीआरके असे आणखी वाण त्यांनी काढले. डीआरके ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरे. एवढे झाल्यावर निदान एका वाणावर तरी त्यांनी स्वतःची सही केली, हे पाहून मला फार समाधान वाटले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांच्या कामाची नोंद घेतली. जानेवारी २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना पन्नास हजारांचा पुरस्कार मिळाला. २०१० साली फोर्ब्स मासिकाने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव छापले. घरची ओढाताण काही सुटली नाही. अखेरीस अर्धांगवायूने अंथरूण धरले आणि ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यात शोधग्राम येथे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या दवाखान्यात ते गेले.

आज त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला काय करता आले असते, तेही सांगतो. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याखाली शेतकऱ्याने जपलेला किंवा काढलेला वाण ‘शेतकरी वाण’ म्हणून नोंदवता येतो. त्याला नोंदणी शुल्क नाही. वाण इतरांहून वेगळा हवा, शेतभर एकसारखा हवा आणि दरवर्षी तसाच निघायला हवा, या तीन कसोट्या. बियाण्याचा नमुना अर्जासोबत द्यावा लागतो. पिकांच्या बाबतीत संरक्षण पंधरा वर्षांचे. याच कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला आपले बी ठेवण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, विकण्याचाही हक्क आहे. फक्त छाप मारून पाकिटबंद विकता येत नाही.

यंत्राचा शोध असेल तर मात्र पेटंटच. आपली पोरे आयटीआय करून गॅरेजमध्ये, वर्कशॉपमध्ये काय काय जुगाड करतात, त्यांच्यासाठी हे लिहितो. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातात, ऑनलाइनही भरता येतात. एकट्या माणसाला सुरुवातीचे शुल्क सोळाशे रुपये आहे, तपासणीचे वेगळे. शोध पूर्ण व्हायचा असेल तर आधी कच्चा तपशील देऊन तारीख मिळवता येते, पक्का तपशील बारा महिन्यांत द्यायचा. अर्जाआधी यंत्र चार लोकांना दाखवून, पेपरात फोटो छापून मोकळे झालात तर ‘नवीन’ हा मुद्दाच अडचणीत येतो. पोरांना नेमका तोच मोह होतो.

वाणाच्या अर्जाला एक शिफारस लागते. ती जिल्हा कृषी अधिकारी देऊ शकतात, विद्यापीठाचे संशोधन संचालक देऊ शकतात, आणि ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समितीसुद्धा देऊ शकते. ही समिती २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत असायची आहे, आणि गावातले वाण, झाडे, औषधी, ते कोणी जपले, याची लोक जैवविविधता नोंदवही तिने ठेवायची आहे. आपल्या गावच्या समितीवर कोण आहे, नोंदवही कोणाच्या कपाटात आहे आणि तिच्यात आतापर्यंत कोणाकोणाची नावे चढली आहेत, हे ग्रामसभेत विचारता येते. विचारले की ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा, आणि त्याची नक्कल मागा.